हिरव्या टेकडीचं काय करायचं?

२०२५ च्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी साताऱ्याहून बाबांचा फोन आला. इकडची थंडी, तिकडचा पाऊस झाल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला. "अरे, लॅपटॉप उघडला की हल्ली एक पाटी येते. तुमच्या विंडोज १० ची मुदत संपली म्हणे. नवीन घ्या म्हणतोय. लॅपटॉप तर झकास चाललाय! मुदत संपायला ती काय औषधाची बाटली आहे?"

बाबा बँकेतून निवृत्त झालेत. लॅपटॉपवरची त्यांची कामं मोजकी: सोसायटीचे हिशेब, पेन्शनची कागदपत्रं, नातवंडांचे फोटो आणि सोसायटीच्या सभांची वीस-पंचवीस वर्षांची इतिवृत्तं. ही इतिवृत्तं युनिकोडच्या आधीच्या एका मराठी फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. तो फॉन्ट नसला की 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' या ओळीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांचा नुसता शिमगा दिसतो. लॅपटॉप २०१५ चा आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो ढोबळमानाने आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा लागतो. थोडक्यात, बाबांच्या लॅपटॉपला वरच्या मजल्यावर जायला जिनाच नाही.

"दोन दिवसांनी सांगतो," असं म्हणून मी फोन ठेवला. मुलगा परदेशात डॉक्टरेट करून बसलाय आणि एवढं साधं उत्तर देता येत नाही, असं त्यांना नक्कीच वाटलं असणार. पण त्याच आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेत नेमका हाच वाद पेटला होता, आणि त्यात मीही कुठल्या बाजूने बोलावं ते मला कळत नव्हतं.

झालं होतं असं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून इंग्लंडातल्या आमच्या विद्यापीठाने सगळ्या संगणकांची शिरगणती काढली. त्या यादीत आमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातलं एक खोकं सापडलं, ज्याच्या पडद्यावर अजून ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ होतं. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात १९९६ साली चार्ल्स ओ'रिअर यांनी काढलेला तो फोटो. विंडोज एक्सपी! आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांना ती टेकडी अजिंक्यताऱ्यापेक्षा जास्त पाठ असेल.

हा संगणक एक यंत्र चालवतो. इंजिनिअरिंगला असताना तुमच्यापैकी काहींनी युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर सळई ओढून तोडली असेल. आमचं यंत्र त्याचं चुलत भावंड. फरक एवढाच की ते एका दमात तोडत नाही. धातूचा तुकडा लाखो वेळा थोडा ओढतं, सोडतं, आणि तो कधी थकतो याची वाट बघतं. ही लोखंडी चौकट अजून तीस वर्षं सहज टिकेल. पण तिला हुकूम देणारं कार्ड संगणकाच्या पोटात बसवलेलं आहे, त्या कार्डाचा ड्रायव्हर एक्सपीसाठी लिहिलेला आहे, आणि त्यापुढच्या विंडोजसाठी तो कधी लिहिलाच गेला नाही. नवा कंट्रोलर घ्यायचा तर एका पीएचडीच्या विद्यार्थ्याचं वर्षभराचं विद्यावेतन त्यात जाईल. शिवाय मधेच कंट्रोलर बदलला की जुनी मोजमापं आणि नवी मोजमापं एका आलेखावर ठेवता येतील का, हा प्रश्न उरतोच.

विद्यापीठाच्या संगणक विभागाचं म्हणणं, अपग्रेड करा नाहीतर भंगारात काढा. आमचा तंत्रज्ञ साठीला टेकलाय. त्याचं म्हणणं, चालतंय ना, मग हात लावू नका.

दोघांचीही बाजू नीट समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागेल.

एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ ला बाजारात आली. त्याआधी मायक्रोसॉफ्टची दोन घराणी होती. घरच्या संगणकासाठी विंडोज ९५, ९८, मी. कचेऱ्यांसाठी एनटी आणि २०००. पहिलं घराणं दिसायला देखणं पण तब्येतीने नाजूक. दिवसातून एकदा निळा पडदा दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एक्सपीने कचेरीवाल्या घराण्याचा दणकट पाया घेतला आणि तो घरोघरी पोचवला. (आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे देवनागरी युनिकोडही सर्वसामान्यांच्या घरात याच प्रणालीबरोबर पोचलं. त्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. ती सीडी कुणाकडे असायची हे तुम्हाला माहीतच आहे! तरी त्या एका खुणेवर मराठी आंतरजालाची पहिली पिढी उभी राहिली.)

त्याआधी दर दोन-तीन वर्षांनी नवी विंडोज यायची, त्यामुळे कुणी एका आवृत्तीवर फार विसंबत नसे. एक्सपीनंतर मात्र पाच वर्षं काही आलंच नाही. त्याचं एक कारण सुरक्षेचंच होतं. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या किड्याने जगभरचे संगणक लोळवले. गंमत म्हणजे ज्या भोकातून तो शिरला, त्यावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने जुलैतच दिलेलं होतं; लोकांनी ते लावलं नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे. त्यानंतर कंपनीने बरीचशी माणसं एक्सपीची डागडुजी करायला जुंपली आणि ऑगस्ट २००४ मध्ये दुसरा सर्व्हिस पॅक आला. त्याने पहिल्यांदा फायरवॉल आपोआप चालू ठेवली. पुढच्या आवृत्तीचं काम त्याच वर्षी जवळजवळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. ती आवृत्ती, म्हणजे व्हिस्टा, जानेवारी २००७ च्या शेवटी लोकांच्या हातात पडली.

या पाच वर्षांत जमीन हलली नाही, म्हणून लोकांनी तिच्यावर पक्की घरं बांधली. आमच्यासारखी चाचणी यंत्रं, इस्पितळातले एमआरआय स्कॅनर, बँकांची एटीएम, दुकानांतले बिलाचे गल्ले, सगळं एक्सपीवर. कार्डांचे ड्रायव्हर तिच्यासाठी लिहिले गेले. कचेऱ्यांच्या अंतर्गत वेबसाइटी इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्येच चालतील अशा बेताने बनवल्या गेल्या. मग व्हिस्टा आली आणि तिने ड्रायव्हरचे नियम बदलले. एक्सपीला किमान ६४ एमबी मेमरी पुरायची, हिला किमान ५१२. ६४-बिटच्या आवृत्तीत जुने १६-बिटचे प्रोग्रॅम चालेनासे झाले आणि बिनसहीचे ड्रायव्हर आत येईनासे झाले. अभियंता म्हणून विचाराल तर यातले बरेचसे बदल योग्यच होते. पण वापरणाऱ्याला दिसलं ते एवढंच की काल चालणारा प्रिंटर आज चालत नाही. कंपन्यांनी व्हिस्टा असलेले संगणक विकत घेऊन त्यावर परत एक्सपी घातली, आणि परवान्यात तशी मुभाही होती. २००९ च्या ऑक्टोबरात विंडोज ७ आली आणि ती चांगली होती, पण तोपर्यंत 'एकदा वाट पाहिली, काही बिघडलं नाही' हा धडा लोकांनी घोकून घेतला होता.

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला. त्या वेळी जगातले चतुर्थांशाहून जास्त डेस्कटॉप तिच्यावरच चालत होते. ब्रिटिश सरकारने सुमारे ५५ लाख पौंड मोजून सार्वजनिक संस्थांसाठी आणखी एक वर्षाची खास ठिगळं विकत घेतली. दरम्यान इस्पितळांना पत्रं गेली की एप्रिल २०१५ पर्यंत एक्सपीतून बाहेर पडायची ठोस योजना करा. २०१५ मध्ये सरकारने तो करार पुढे वाढवला नाही. अमेरिकेच्या नौदलाने मात्र त्याच वर्षी ९१ लाख डॉलर्सचा तसाच करार केला. जहाजावरचं यंत्र बदलणं त्यांना आमच्या तंत्रज्ञाइतकंच जड जात असावं.

आता १२ मे २०१७. शुक्रवार. मी तेव्हा प्रबंध लिहीत होतो आणि मिरजेच्या एका डॉक्टरबरोबर भाड्याच्या घरात राहत होतो. दुपारी विद्यापीठाची मेल आली की अनोळखी जोडपत्रं उघडू नका. मी ती वाचली, आणि अशा मेलींचं आपण जे करतो तेच केलं. रात्री उशिरा डॉक्टरसाहेब घरी आले ते हाताला शाईचे डाग घेऊन. "आज आम्ही मिरजेत गेलो होतो," म्हणाले. "सगळं कागदावर. रक्ताचे रिपोर्ट फोनवर विचारायचे, वहीत लिहायचे, पोऱ्याच्या हातात चिठ्ठी द्यायची. मला सवय होती म्हणून निभावलं. इथल्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते." मग चहा घेता घेता गप्प झाले. एका आजोबांचा जुना स्कॅन पाहायला हवा होता, तो उघडेना. त्यांना न बघताच दुसरीकडे पाठवावं लागलं होतं.

तो किडा म्हणजे वॉनाक्राय. फायली कुलूपबंद करायचा आणि किल्लीसाठी ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागायचा. अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेचं एक चोरीला गेलेलं हत्यार एप्रिलमध्ये कुणीतरी आंतरजालावर उघड्यावर टाकलं होतं, ते वापरून तो शिरत होता. शिरायची वाट म्हणजे विंडोजमधली फायली वाटून घ्यायची जुनी पद्धत, एसएमबीची पहिली आवृत्ती. इंग्लंडातल्या २३६ आरोग्य ट्रस्टांपैकी किमान ८० ना फटका बसला. त्यांतल्या ३४ ट्रस्टांचे संगणक प्रत्यक्ष बाधित झाले, बाकीच्यांनी भीतीने तारा काढल्या किंवा शेजाऱ्याच्या आजाराने तेही खोळंबले. सरकारी लेखापरीक्षकांच्या अंदाजाने १९ हजारांहून जास्त रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. त्याच संध्याकाळी मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या इंग्लिश तरुणाला किड्याच्या पोटात एका चमत्कारिक वेबसाइटचा पत्ता सापडला. त्याने दहा-अकरा डॉलर भरून तो पत्ता स्वतःच्या नावावर केला. ती साइट जिवंत दिसली की किडा पुढे पसरायचं थांबत होता! एका माणसाच्या कुतूहलावर शनिवार निभावला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी एकमुखाने खापर फोडलं ते एक्सपीवर. जुनी प्रणाली वापरतात म्हणे, अजून काय होणार. माझंही तेव्हा तेच मत झालं होतं आणि कित्येक वर्षं तेच राहिलं. या वादाच्या निमित्ताने अहवाल काढून नीट वाचले तेव्हा चित्र निराळं निघालं. आरोग्यसेवेतल्या एक्सपीचं प्रमाण तोवर पाच टक्क्यांच्या आत आलेलं होतं. बाधित झालेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते. म्हणजे ज्यांचं अपग्रेड झालेलं होतं, आधारही चालू होता, आणि ज्यांच्यासाठी ठिगळ १४ मार्चपासून, दोन महिने आधी, फुकट उपलब्ध होतं. लावलं नव्हतं. ब्लास्टरच्या वेळचं वाक्य आठवतंय ना? खुद्द एक्सपीवर तर हा किडा इतका बेंगरूळ चालायचा, की फायली कुलूपबंद करण्याऐवजी बरेचदा संगणकच निळा पडदा दाखवून बंद पडायचा. म्हाताऱ्याला ठेच लागली, तो पडला, आणि चोराला खिसाच सापडला नाही.

म्हणून एक्सपी निर्दोष, असं मला म्हणायचं नाही. मायक्रोसॉफ्टने त्या शुक्रवारी-शनिवारी घाईघाईने एक्सपीसाठीही ठिगळ फुकट दिलं (पैसे भरणाऱ्यांसाठी ते आधीच शिवून ठेवलेलं होतं, ही त्यातली मेख). २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचं दुसरं भोक सापडलं तेव्हा पुन्हा तेच करावं लागलं. आधार संपून पाच वर्षं झालेल्या प्रणालीसाठी! पण 'अपग्रेड केलं' आणि 'काळजी घेतली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या बैठकीत दोन्ही पक्ष त्यांची गल्लत करत होते. अपग्रेड करून विसरून गेलेला संगणक आणि न करता जाळ्याला जोडून ठेवलेला संगणक, दोघांची गत त्या शुक्रवारी सारखीच झाली.

बरं, अद्ययावत राहिलं की सुटलं, तर तसंही नाही. वॉनाक्रायनंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या आला. तो पहिल्यांदा पसरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. ज्यांनी इमानेइतबारे अपडेट घेतलं, त्यांच्याच घरात चोर आधी शिरला. तिथून तो मर्स्क या जहाजकंपनीत पोचला आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. युक्रेनमधल्या हिशेबनीसाने बटण दाबलं आणि उरणच्या रस्त्यावर कंटेनर अडकले.

भारतातल्या एटीएमचीही हीच कथा, पण तिथे किड्याच्या आधी रिझर्व्ह बँकेने दांडकं उगारलं. एप्रिल २०१७ मध्ये तिने बँकांना एक्सपीवरच्या एटीएमबद्दल बजावलं. काम रेंगाळतंय असं दिसल्यावर २१ जून २०१८ च्या परिपत्रकात तारखाच बांधून दिल्या. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जूनपर्यंत सगळी एटीएम आधार असलेल्या प्रणालीवर. बाबांना हे विचारलं तर ते हसायलाच लागले. त्यांच्या शाखेतलं एटीएम एकदा बंद पडून परत सुरू होताना पडद्यावर काही मिनिटं ती टेकडी दिसली होती. रांगेतल्या एका आजींनी आत येऊन तक्रार केली की पैशाऐवजी शेत दाखवतंय.

आमच्या बैठकीत शेवटी मी माझं मत मांडलं. प्रणाली बदलायची नाही, पण तिला जाळ्यात ठेवायचंही नाही. बोलायला सोपं! यंत्रातून निघालेली आकडेवारी बाहेर कशी न्यायची? पेन ड्राइव्ह म्हणाल, तर स्टक्सनेटने २०१० मध्ये दाखवून दिलं आहे की आंतरजालाला न जोडलेल्या इराणच्या अणुकेंद्रातही पेन ड्राइव्हच्या पाठीवर बसून किडा जातो. फायली थेट दुसऱ्या संगणकावर टाकाव्या, तर एक्सपीला एसएमबीची तीच पहिली आवृत्ती बोलता येते, आणि २०१७ च्या शरद ऋतूपासूनच्या नव्या विंडोजमध्ये ती मुळात बंद असते. म्हणजे म्हाताऱ्याशी बोलण्यासाठी धडधाकट संगणकाच्या भिंतीला तेच जुनं भोक पाडायचं. शेवटी मधे लिनक्सचं एक छोटं खोकं ठेवलं. एक्सपी त्याच्याशी एका वायरीने जोडलेली, त्यापलीकडे तिला कुणीच दिसत नाही. फायली एफटीपीने खोक्यात पडतात, खोक्यातून आम्ही उचलतो. डिस्कच्या दोन नकला करून कपाटात ठेवल्या. तंत्रज्ञाने त्याच जातीचा एक मदरबोर्ड कुठूनसा जुन्या बाजारातून पैदा केला आणि तो सापडल्याच्या आनंदात दोन दिवस कुणाशी भांडला नाही.

संगणक विभागाने दोन वर्षांची लेखी सूट दिली. फॉर्मवर 'जबाबदार व्यक्ती' असा एक रकाना होता, त्यात माझं नाव आहे. सही करताना त्या शुक्रवारची डॉक्टरांची शाई आठवली, हे खोटं कशाला सांगू. दोन वर्षांनी कंट्रोलरसाठी पैसे मागायचेच आहेत. तोवर चालू मालिकेतले नमुने तोडून संपवायचे.

बाबांचं प्रकरण यापेक्षा सोपं आणि यापेक्षा अवघडही. त्यांचा लॅपटॉप काही कोपऱ्यात वायर काढून ठेवता येत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षेची ठिगळं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केली होती, आणि कंपनीच्या खात्यात सेटिंग जतन करायची अट मानली तर पैसेही पडत नव्हते. त्यात त्यांचं नाव घातलं. बँकेचे व्यवहार या वर्षात लॅपटॉपवर करायचे नाहीत, असं ठरलं. आणि खरं काम पुढेच आहे: इतिवृत्तं युनिकोडमध्ये न्यायची. पुढचा लॅपटॉप कुठलाही येवो, त्या जुन्या फॉन्टचं लोढणं मागे राहता कामा नये. फॉन्ट बदलून देणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं ती हमखास चुकवतात, त्यामुळे पानन् पान वाचून तपासावं लागणार.

"म्हणजे सगळं परत वाचायचं?" बाबांनी विचारलं. "सगळं?"

"सगळं."

"ते पाण्याच्या टाकीवरनं झालेलं भांडणसुद्धा? त्यात मी कुलकर्ण्यांना काय काय बोललो ते सेक्रेटरीने शब्दशः लिहून ठेवलंय रे."

ते तर आधी न्या, म्हटलं.